बाळगोळी : गिरणगावच्या पाळण्यातली अफू

मराठीत एखाद्याला भुलवून गप्प बसवलं, की आपण म्हणतो, ‘त्याला अफूची गोळी दिली.’ धर्माला अफू म्हणणारं जे प्रसिद्ध जर्मन वाक्य आहे, त्यात गोळी नाही, नुसती अफू आहे. मराठीत येता येता तिची गोळी झाली. माझा आपला तर्क असा, की मराठी घराला अफू ठाऊक होती ती गोळीच्याच रूपात, आणि ती गोळी मोठ्यांच्या नव्हे, तान्ह्या पोरांच्या जिभेवर ठेवली जायची. तिचं नाव बाळगोळी.

माझं लालबागला औषधांचं दुकान आहे. अमली पदार्थांवर बोलायला शाळा-कॉलेजांतून अधूनमधून बोलावणं येतं. तिथे गर्द, चरस, एमडी म्हणजे मेफेड्रोन, खोकल्याच्या बाटल्या हे विषय ठरलेले. मुलं ऐकतात, शिक्षक माना डोलावतात. पण अमली पदार्थाचं एकच प्रकरण सविस्तर मांडायला सांगितलं, तर मी गर्दचं मांडणार नाही, बाळगोळीचं मांडेन. ते माझ्या दुकानाच्या आजूबाजूलाच घडलं, शंभर वर्षांपूर्वी. शिवाय व्यसनाच्या प्रकरणात आपण सगळ्यात आधी व्यसनी शोधतो, आणि इथला व्यसनी सहा महिन्यांचा आहे. त्यामुळे ‘वाईट संगत’, ‘मनाचा कमकुवतपणा’ ही नेहमीची उत्तरं इथे पहिल्याच पायरीवर गळून पडतात.

१९२२ ची नोंद

पहिलं महायुद्ध संपल्यावर मुंबई सरकारने गिरण्यांतल्या बायकांची बाळंतपणं आणि कामाची परिस्थिती यांची पाहणी करायला एका डॉक्टर बाईंना नेमलं. त्यांचं आडनाव बार्न्स. त्यांचा अहवाल सरकारच्याच ‘लेबर गॅझेट’ या मासिकात १९२२ साली छापून आला. त्यातला एक आकडा पुढे अफूविरोधी चळवळीने जगभर नेला : मुंबईतल्या कामगार बायकांच्या ९८ टक्के तान्ह्या मुलांना अफू दिली जाते.

शंभरातली अठ्ठ्याण्णव. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छपाईची चूक असावी असं वाटलं होतं. कुठल्याही नशेचा इतका सार्वत्रिक प्रसार दुसरीकडे माझ्या वाचनात नाही. पूर्वी चीनमधल्या अफूबाजीची वर्णनं वाचून आपण हळहळायचो, आणि इथे परळ-लालबागच्या चाळींत अफू न घेणारं मूलच अपवाद होतं.

चोरूनमारून चाललेला हा प्रकार नव्हता, हेही आधीच सांगून टाकतो. सासूला माहीत, नवऱ्याला माहीत, दाईला माहीत, गिरणीतल्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, माहीत, सरकारला तर चांगलंच माहीत. सरकारच तर अफू विकत होतं. त्याकडे पुढे येतो.

भोंगा आणि सहाण

गिरणीतल्या बायका मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग या सूत गुंडाळण्याच्या खात्यांत असत. रत्नागिरीकडून आलेल्या, साताऱ्याकडून, घाटावरून आलेल्या. १९२२ साली कारखान्यांचा कायदा सुधारला, तेव्हा मोठ्या माणसाच्या कामाला आठवड्याला ६० तास आणि दिवसाला ११ तास अशी मर्यादा आली. ही सुधारणा होती, हे लक्षात घ्या. अकरा तासांत मधली सुट्टी, जाणं-येणं, नळाच्या रांगेतला वेळ धरा. सकाळच्या भोंग्याला बाहेर पडलेली बाई अंधार पडताना खोलीवर यायची. खोली एकच. तीत कधी एक बिऱ्हाड, कधी दोन, वर गावाकडून आलेले खाणावळीतले गडी. पाळणा म्हणजे आढ्याला बांधलेली लुगड्याची झोळी.

त्या झोळीतलं मूल दिवसभर कोण बघणार? नशीब असेल तर सासू. नाहीतर शेजारची एखादी म्हातारी, जिच्याकडे अशी चार-पाच पोरं असायची. नाहीतर सात वर्षांची थोरली बहीण. पाच पोरं एकदम रडायला लागली तर म्हातारी काय करील? आणि सात वर्षांची मुलगी काय करील?

आता गोळीकडे येऊ. आपल्याकडे तान्ह्या मुलाला गुटी उगाळून देण्याची पद्धत जुनी आहे, आणि अनेक घरांत अजून चालू आहे. सहाणेवर आईच्या दुधाचे दोन थेंब, त्यात हिरड्याचे चार वेढे, वेखंडाचा एक, मुरडशेंगेचे दोन, हळकुंड, सुंठ, जायफळ. किती वेढे याचा हिशेब घरातल्या बाईच्या मनगटात असतो. जायफळ जास्त उगाळलं की बाळ जास्त झोपतं, हे तिला सांगावं लागत नाही. माझ्या आजीकडे अशी एक सहाण होती, मध्ये झिजून खोलगट झालेली. घासताना जो खर्र-खर्र आवाज यायचा, तो ऐकूनच बाळ तोंड मिटून घ्यायचं.

बाळगोळी ही या गुटीची सख्खी बहीण. तशीच सुगंधी, घरगुती दिसणारी, तयार मिळणारी. आत किंचित अफू. गावाकडे पोट बिघडलं, दात येताना त्रास झाला, खोकल्याने मूल झोपेना, की ती द्यायची. शेतावर जाणाऱ्या काही बायका तिथेही रोज देत असत, म्हणून गाव निर्मळ आणि शहर पापी असं मी म्हणणार नाही. पण शेताच्या बांधावर मूल झाडाखाली ठेवता येतं, रडलं तर खुरपं टाकून उठता येतं. गिरणीत हात थांबला की पगार कापला जातो. गावात प्रसंगाने दिली जाणारी गोळी शहरात भोंग्याच्या वेळेला बांधली गेली : सकाळी एक, आणि म्हातारीला वाटलं तर दुपारी आणखी एक.

झोपलेलं बाळ

औषधाच्या अंगाने हे प्रकरण समजून घेण्यासारखं आहे, कारण त्या बायका मूर्ख नव्हत्या. अफूने खरोखरच काम होतं.

खसखशीच्या बोंडाला उभे चरे मारून जो चीक निघतो, तो वाळला की अफू होते. तिच्यात साधारण दहा टक्के मॉर्फिन असतं, थोडं कोडीन असतं, आणखीही बरंच काही असतं. मॉर्फिन वेदना मारतं, कोडीन खोकला दाबतं, आणि दोघं मिळून आतड्यांची हालचाल मंद करतात. ज्या वस्तीत हगवण हेच पोरांच्या मरणाचं मोठं कारण, तिथे जुलाब थांबवणारी गोळी म्हणजे देवाची कृपाच वाटणार. जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी आजही मोठ्या माणसाला आपण देतो, ती याच घराण्यातली आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला मात्र ती देत नाहीत, आणि त्याचं कारण बाळगोळीच्या प्रकरणात दडलेलं आहे.

तान्ह्या मुलाचं यकृत कच्चं असतं. मोठ्या माणसाच्या रक्तातलं मॉर्फिन दोन-तीन तासांत निम्म्यावर येतं; नवजात बाळाला त्याला सहा तास आणि कधी त्याहून जास्त लागतात. म्हणजे सकाळची गोळी पुरती उतरलेली नसते, तोवर दुपारची पोटात जाते. मेंदूत श्वास चालवणारं जे केंद्र आहे, त्यालाच मॉर्फिन पेंग आणतं. मोठा माणूस अफूने विषबाधित झाला, तर त्या काळचे डॉक्टर त्याला कडक कॉफी पाजत आणि दोघांनी धरून फिरवत, झोपू देत नसत. सहा महिन्यांच्या पोराला कुठे फिरवणार? नॅलोक्सोन हा उतारा निघाला १९६१ साली.

पण गोळीने मरणारं प्रत्येक मूल असं एका दुपारी श्वास थांबून मरत नव्हतं. बहुतेकांचं मरण हळू होतं, आणि त्याच्यावर अफूचं नाव कधी लागलंच नाही. गुंगीतलं मूल भुकेने रडत नाही. रडलं नाही म्हणून त्याला पाजलं जात नाही. आईचं दूध दिवसभर साचून राहतं, आणि न प्यायलेलं दूध हळूहळू आटतं. मूल सुकत जातं, त्याला शौचाला होत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. अशा पोराला साधा ताप आला तरी ते जातं. मृत्यूच्या नोंदीत ‘ताप’, ‘छातीचा विकार’, ‘अशक्तपणा’ असं काहीतरी लिहिलं जातं.

आणि सोडवायची म्हटली तरी सुटत नाही. काही आठवड्यांनी तेवढीच गोळी पुरेनाशी होते; मोहरीएवढीने भागायचं, आता मुगाएवढी लागते. एक दिवस चुकली तर मूल जांभया देतं, नाक गळतं, पोटात कळा येतात, जुलाब होतात आणि ते किंचाळून किंचाळून रडतं. गर्दुल्ल्यांच्या भाषेत याला ‘टर्की’ म्हणतात. आईला ते कुठून कळणार? तिला दिसतं ते एवढंच : गोळी दिली नाही तर पोर आजारी पडतं, दिली की बरं होतं. कुठलीही विचारी आई यातून जो निष्कर्ष काढील तोच तिने काढला.

विकणारा हात

आता सरकारकडे. बंगाल-बिहारकडची अफू ही ईस्ट इंडिया कंपनीची आणि मग ब्रिटिश सरकारची मक्तेदारी होती. गाझीपूरचा कारखाना त्यासाठीच उभा राहिला आणि आजही चालू आहे. माळव्याची अफू संस्थानी मुलखातली, ती मुंबई बंदरातून चीनला जायची आणि सरकार तिच्यावर जबर पास-शुल्क घ्यायचं. मुंबईच्या किती श्रीमंतीला त्या पेट्यांचा वास आहे हे सगळ्यांना माहीत असतं, बोलत कुणी नाही. सर जमशेटजी जीजीभाईंच्या चीन व्यापारात कापसाइतकीच अफूही होती, आणि त्यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. रुग्णालय १८४५ पासून याच शहरातल्या गरिबांना औषध देत आलं आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी पुसली जात नाही.

देशात खपणारी अफू परवाना असलेल्या दुकानांतून विकली जायची. १८७८ चा अफू कायदा होता, पण तो मुख्यतः महसूल बुडू नये म्हणून. इंग्लंडमधल्या अफूविरोधकांनी फार आरडाओरडा केला, तेव्हा १८९३ साली लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. तो हिंदुस्थानभर फिरला, शेकडो साक्षी घेतल्या. पश्चिम हिंदुस्थानात बाळांना अफू देतात हे त्याच्यापुढे आलं. १८९५ साली आयोगाने सांगितलं, की हिंदी माणूस अफू बेताने घेतो, त्याला तिचा फारसा अपाय होत नाही, बंदीची गरज नाही. हेन्री विल्सन या एका सदस्याने वेगळं मत नोंदवलं.

‘बेताने’ हा शब्द वाचून मला नेहमी ती झोळी आठवते. झोळीतल्या पोराचा बेत कोण ठरवणार होतं?

हा काळिमा फक्त आपल्यालाच लागला असंही नाही. इंग्लंडमध्ये गिरण्या आपल्या आधी आल्या, म्हणून तिथली बाळगोळीही आधी आली. तिचं नाव गॉडफ्रीज कॉर्डियल : काकवीसारखा गोड पाक आणि त्यात अफूचा अर्क. मँचेस्टर, नॉटिंगहॅम भागातल्या कामगार बायका ती पाजायच्या, आणि त्यांच्या पोरांनाही असंच एखादी म्हातारी सांभाळायची. अमेरिकेत मिसेस विन्सलो यांचं ‘सूदिंग सिरप’ होतं, १८४९ पासून. त्याच्या साधारण तीस मिलिलिटरमध्ये ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन. आज एवढं मॉर्फिन द्यायचं तर मोठ्या माणसालाही डॉक्टर दहादा विचार करील. बाटलीवरच्या चित्रात प्रसन्न आई आणि गुटगुटीत मूल. १९०६ च्या कायद्याने बाटलीत काय आहे ते छापणं तिथे सक्तीचं झालं, तेव्हा कुठे आयांना कळलं आपण काय पाजतोय. आपल्या घरोघरी असलेलं वुडवर्ड्सचं ग्राइप वॉटरही त्याच नॉटिंगहॅमचं, १८५१ सालचं. त्यात अफू नव्हती, पण जुन्या कृतीत दारू मात्र होती, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आमच्या पिढीतले लोक ती बाटली चोरून का प्यायचे, याचा उलगडा मला बी. फार्म.ला गेल्यावर झाला.

आकड्यांशी जपून

बाळगोळीवर लिहिणारे १९२१ चे मुंबईचे आकडे हटकून देतात. त्या वर्षी नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ अर्भकं दगावली. एका खोलीत राहणाऱ्यांत हा आकडा ८२८. दोन खोल्यांत ३२१. चार किंवा त्याहून जास्त खोल्या असतील तर १३३. हे वाचून अंगावर काटा येतो आणि बोट लगेच अफूकडे वळतं.

इथे जरा थांबायला हवं. गिरणीतल्या कितीतरी बायका बाळंतपणाला गावी जायच्या. जन्माची नोंद तिकडे झाली आणि मूल मेलं इकडे, की मुंबईचा मृत्युदर फुगतो. शिवाय एका खोलीत राहणाऱ्यांकडे अफूच होती असं नाही. पटकी, देवी, क्षय, नासकं दूध, उघडी गटारं, उपाशी आया हे सगळं होतं. अफूने यातले किती मेले ते वेगळं काढता येत नाही. माझं मत असं, की वेगळं काढायची गरजही नाही. एक खोली, अकरा तास, आटलेलं दूध आणि गोळी हे एकच दुखणं होतं. त्यातली गोळी तेवढी वेगळी काढून तिच्यावर प्रचार करणं सोपं, म्हणून बऱ्याच भल्या माणसांनी तेवढंच केलं. आयांना ‘अडाणी’ म्हणणारी पत्रकं काढली. पोर सांभाळायला कुणी आलं नाही.

ज्यांनी दुखण्याच्या मुळाशी हात घातला, ते लोक अफूविषयी फारसं बोललेही नाहीत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भरपगारी रजेचं विधेयक चर्चेला होतं. त्या वेळी डॉ. आंबेडकरांनी असा मुद्दा मांडला, की बाईच्या श्रमाचा फायदा ज्या मालकाला होतो, त्याने तिच्या बाळंतपणाचा भार उचलला पाहिजे, आणि तिला आधी-नंतर विश्रांती मिळण्यात राष्ट्राचंच हित आहे. १९२९ साली कायदा झाला. दिवसाला आठ आणे. गिरण्यांत पाळणाघराची सोय करायला लावण्याचा अधिकार १९३४ च्या कारखाना कायद्याने प्रांतांना दिला, आणि १९४८ च्या कायद्याने तो नियमच झाला. नंतरच्या दुरुस्तीने तीसपेक्षा जास्त बायका असलेल्या कारखान्याला पाळणाघर बंधनकारक झालं. त्याच काळात गिरण्यांतल्या बायकांची संख्या मात्र घटत गेली. नवी यंत्रं, पुरुषांच्या रात्रपाळ्या अशी कारणं होती, आणि बाई ठेवली की बाळंतपणाचा खर्च आला, हा हिशेबही होता.

अफूचं दुकान बंद व्हायला आणखी वेळ गेला. १९३० साली घातक औषधांचा कायदा आला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या परिषदेत, औषधाव्यतिरिक्त अफूचा वापर दहा वर्षांत संपवायचं ठरलं. १९५९ नंतर अफू मिळायची ती फक्त नाव नोंदवलेल्या जुन्या अफूबाजांना, मोजून. १९८५ साली एनडीपीएस हा अमली पदार्थांवरचा कायदा आला, आणि नेमक्या त्याच सुमाराला मुंबई-पुण्याच्या गल्ल्यांत गर्दची पुडी पसरत होती. ती अफूचीच नात. मॉर्फिनपासून केलेलं हेरॉइन, बायर कंपनीने १८९८ साली खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलेलं.

काउंटर

महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्या काउंटरवर हा संवाद होतो. परवाचा सांगतो. एक ताई आल्या, पंचविशीच्या, गळ्यात हाउसकीपिंग कंपनीचं ओळखपत्र. गिरणीच्या जागेवर टॉवर झालेत, तिथे कामाला.

‘काका, ते सर्दीचं गुलाबी औषध द्या ना लहान मुलांचं.’

‘सर्दी आहे का बाळाला?’

‘थोडी आहे.’

‘किती महिन्यांचं?’

‘आठ.’

मी नाही म्हटलं. त्या बाटलीत क्लोरफेनिरामिन असतं, त्याने पेंग येते. फेनिलेफ्रिनबरोबरचं त्याचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बाटलीवर छापायची सूचना २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय औषध नियंत्रकांनी दिली आहे. दुसरं एक प्रोमेथाझिनचं सिरप आया मागतात, ते दोन वर्षांखाली धोक्याचं, श्वास मंदावतो. यातलं काही अफू नाही, आणि अफूसारखी सवयही लागत नाही. पण मागण्याचं कारण तेच असतं, म्हणून मी विचारलं, ‘दिवसा कोण बघतं बाळाला?’

‘शेजारच्या आजी बघतात. त्यांच्याकडे अजून दोन आहेत. त्या म्हणतात, रडतं फार, उद्यापासून नको आणूस.’

‘कामावर पाळणाघर नाही?’

त्या हसल्या. ‘आम्ही कॉन्ट्रॅक्टवाल्या, काका.’

नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब मी त्यांच्यापुढे ठेवले, डॉक्टरांना दाखवून घ्या म्हटलं, शिवडीच्या बाजूला कुठे अंगणवाडी आहे ते सांगितलं. आठ महिन्यांचं मूल तिथे दिवसभर ठेवून घेत नाहीत, हे सांगतानाच माझ्या लक्षात आलं. त्यांनी ऐकून घेतलं, थेंब घेतले, पैसे दिले. मग मोबाइलवर वेळ बघितली आणि रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेल्या.